सोमवारी पहाटे, पाणी उतरल्यावर

आमचं घर अंधेरी पूर्वेला. चार माणसं. मी एका बँकेच्या शाखेत, दहाच्या आत जागेवर असावं लागतं. नवरा औषध कंपनीत, सकाळची वेळ ठरलेली, संध्याकाळची नाही. लेक नऊ वर्षांची, चौथीची परीक्षा नुकतीच संपलेली. सासूबाई एकाहत्तरच्या, मूळच्या साताऱ्याकडच्या, गुडघे कुरकुरतात पण चालणं सोडलेलं नाही. घराबाहेर काहीतरी करायचं ठरवणाऱ्या आणि न जमणाऱ्या असंख्य घरांपैकी हे एक. आम्हाला ते कसं जमलं आणि त्याआधी कुठे चुकलं, हे तपशिलात लिहिते आहे. आमच्यासारख्या घरांना उपयोग होईल तो तपशिलाचाच.

आधीची तीन वर्षं आम्ही राजमाचीला जाणार होतो. पावसाच्या तोंडावर तिथे काजव्यांनी झाडं उजळतात, ते लेकीला दाखवायचं होतं. पहिल्या वर्षी दोन मित्रांची कुटुंबं बरोबर घेतली आणि कुणाला कुठला शनिवार चालेल हे विचारण्यातच हंगाम संपला. दुसऱ्या वर्षी नवऱ्याच्या कंपनीत तपासणी आली. तिसऱ्या वर्षी सगळं जुळलं आणि आदल्या रात्री लेकीला ताप भरला. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. पण तिन्ही वेळा मला आतून थोडं हायसं वाटलं होतं, आणि ते मला खुपत राहिलं. गाडी ठरवायची, राहायची सोय, जेवण, औषधं, परत येऊन सोमवारी कामावर. एवढं सगळं उभारायचं म्हटलं की रद्द होणं हीच सुटका वाटू लागते. माझ्या मते मोठे बेत पैशाअभावी फारसे मोडत नाहीत, ते स्वतःच्याच वजनाखाली बसतात.

म्हणून या उन्हाळ्यात मी तीन अटी घातल्या. रजा टाकायची नाही. स्वतःची गाडी लागायला नको. आणि जे करू त्यात चूक झाली तर खरोखर काही बिघडेल, असं काहीतरी असावं. तिसरी अट नवऱ्याला पटली नव्हती. पण बागेत फेरी मारून येणं आणि साहस यांतला फरक मला तिथेच दिसतो. जिथे आपल्याला लक्ष द्यावंच लागतं, डोळे उघडे ठेवावेच लागतात, तिथून माणूस वेगळा होऊन परततो. जागा जवळची असली तरी चालते, लक्ष पूर्ण लागलं पाहिजे.

जागा सुचवली लेकीने. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम 2017 पासून मुंबईच्या किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी लोकांना खडकांवर नेऊन तिथले जीव दाखवतो. त्याबद्दल शाळेत बाईंनी सांगितलं होतं. मुंबईत प्रवाळ आहेत, समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी) आहेत, ऑक्टोपस सापडतो, असं ती घरी येऊन सांगत होती आणि मी अर्धवट ऐकत होते. वांद्र्याचा कार्टर रोड आमच्यापासून लोकलची तीन स्टेशनं. तिथल्या कट्ट्यावर आम्ही कितीदा बसलो असू. खाली खडक आहेत हे माहीत होतं. त्यांच्यावर कुणी जाऊन बघतं, हे डोक्यात आलं नव्हतं.

पहिला रविवार

सोयीचा दिवस म्हणून रविवार धरला. सोयीची वेळ म्हणून सकाळी सात. पोहोचलो तर समोर पाणीच पाणी. भिंतीच्या पायथ्याच्या दगडांवर लाटा आपटत होत्या, तिवरांची खोडं पाण्यात उभी होती आणि खडकांचा मागमूस नव्हता. अर्धा तास थांबलो. पाणी वीतभरही हललं नाही. लेक काही बोलली नाही, कट्ट्यावर पाय हलवत बसून राहिली. मला ते रडण्यापेक्षा जड गेलं.

परतताना बाजारात मासे घ्यायला थांबलो. आमची नेहमीची कोळीण वर्सोव्याहून येते, तिला मी मावशी म्हणते. सकाळचा प्रकार सांगितला तर तिचा हात सुरीवर थांबला.

“आज तिथी काय गं? अष्टमी. अष्टमीला सकाळी सहाला भरलेलं पाणी असतं. आणि हा भांग चाललाय, भांगात सुकती लागत नाही. अमावास्या होऊ दे. मग पहाटेची जा.”

सुकती म्हणजे ओहोटी, एवढं मला कळलं. मी विचारलं, हे लक्षात कसं ठेवता? ती म्हणाली, “तिथीची पाऊणपट कर. तीच भरतीची वेळ.”

घरी येऊन हे सासूबाईंना सांगितलं आणि त्या एकदम म्हणू लागल्या, “एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन...” पाऊणकी! गावच्या शाळेत पाठ केलेला पाढा, साठ वर्षांत कुणी म्हणायला न सांगितलेला. आठ पाऊण सहा. अष्टमीला सहाला भरती. आम्ही सातला जाऊन उभे होतो, तेव्हा पाण्याने माघार घ्यायला नुकती सुरुवात केली होती.

या सूत्रामागचं कारण सरळ आहे. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही रोज तेवढीच मागे सरकते. पन्नास मिनिटांचा तोंडी हिशोबाला सोपा जवळचा आकडा म्हणजे पाऊण तास. एका भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने भरती. म्हणजे दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या. मात्र रोजची ती चार-पाच मिनिटांची तूट साठत जाते. अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा असं सूत्र सांगतं, पण पाणी प्रत्यक्षात बाराच्या सुमारास भरतं. म्हणून आम्ही असं ठरवलं की दिवस निवडायला तिथी आणि वेळ ठरवायला तक्ता. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते प्रसिद्ध करतो. मोबाइलवरही आकडे मिळतात, पण जागा मुंबईचीच निवडली आहे ना, हे एकदा पाहून घ्यावं.

मावशीचा ‘भांग’ मला त्या आठवड्यात नीट कळला. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण. पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात, तो भांग. चढही कमी, उतारही कमी. मुंबईत अपोलो बंदरच्या आकड्यांप्रमाणे उधाणाच्या ओहोटीची सरासरी उंची 0.76 मीटर आणि भांगाच्या ओहोटीची 1.86 मीटर. हा मीटरभराचा फरक उतरत्या सपाट खडकांवर पसरला की कितीतरी पावलांची जमीन उघडी करतो किंवा झाकून ठेवतो. त्या रविवारी आम्ही दुपारपर्यंत तिथे बसलो असतो, तरी लेकीला जे बघायचं होतं ते पाण्याखालीच राहिलं असतं.

आमचं नशीब असं की अमावास्या-पौर्णिमेला मुंबईची ओहोटी पहाटे सहाच्या आसपास येते आणि संध्याकाळीही साधारण तेव्हाच. म्हणजे कामाच्या दिवसाच्या दोन्ही कडांना. त्यातही उन्हाळ्यात पहाटेची ओहोटी जास्त खोल जाते, हिवाळ्यात संध्याकाळची. नोकरी करणाऱ्या माणसासाठी याहून चांगलं वेळापत्रक माणसाने बनवलं नसतं.

पुढच्या रविवारी अमावास्या होती आणि सोमवारी वैशाख शुद्ध प्रतिपदा. तक्त्यात सोमवारची ओहोटी सकाळी 6:35, उंची अर्धा मीटर. रविवारची ओहोटी पाऊण तास आधी, म्हणजे बराचसा अंधार. मंगळवारची सव्वासातनंतर, म्हणजे मला कामावर उशीर. राहिला सोमवार. बँकेत सोमवारी गर्दी किती असते हे मी सांगायला नको. नवरा म्हणाला, पुढच्या पंधरवड्यात बघू. मी तक्ता पुढे केला. पंधरा दिवसांनी पौर्णिमेला त्याला बाहेरगावी जायचं होतं आणि त्यानंतरच्या अमावास्येपर्यंत मे संपत आलेला. पाऊस तोंडावर.

इथे मला जे उमगलं ते या सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे असं मी मानते. राजमाचीची तारीख आमची होती, म्हणून ती ढकलता येत होती. ही तारीख समुद्राची होती. 6:35 म्हणजे 6:35. कुणाशी बोलणी नाहीत, कुणाला कुठला शनिवार चालेल हा प्रश्न नाही. जायचं की नाही, एवढंच उरलं, आणि एवढाच प्रश्न असला की माणूस जातो.

तयारी

खरा विचार आम्ही परतीचा केला. जाणं सोपं असतं.

पाणी सरळ गतीने चढत नाही, हे मला त्या आठवड्यातच कळलं. ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात एकूण चढापैकी बारावा हिस्सा चढतो, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्या तासात तीन-तीन. मग पुन्हा दोन आणि एक. त्या सोमवारी चढ साधारण चार मीटरचा होता. म्हणजे पहिल्या तासात फूटभर, दुसऱ्यात दोन फुटांहून जास्त, तिसऱ्यात मीटरभर. पहिला तास फसवा असतो. पाणी हललंच नाही असं वाटत राहतं. शिवाय खडक सलग उताराचे नसतात. मधे घळी असतात, आणि पाणी समोरून येण्याआधी त्या घळींतून तुमच्या मागे येतं. शेजारच्याच बँडस्टँडच्या खडकांवर माणसं अडकल्याच्या आणि वाहून गेल्याच्या घटना मुंबईला माहीत आहेत. 2016 मध्ये पोलिसांनी सेल्फीसाठी धोकादायक म्हणून जी ठिकाणं जाहीर केली, त्यात बँडस्टँड होतं.

म्हणून नियम असा की ओहोटीच्या आधी चाळीस मिनिटं उतरायचं, ओहोटीनंतर अर्ध्या तासाने वळायचं. 7:05 ला काहीही दिसत असलं तरी तोंड किनाऱ्याकडे. हे वेळेचं काम सासूबाईंकडे दिलं. शेवाळलेल्या दगडांवर त्या उतरू शकणार नव्हत्या, आणि नुसतं सोबत आणून बसवून ठेवणं मला बरं वाटत नव्हतं. कट्ट्यावर बसून आमच्या मागच्या घळीवर नजर ठेवायची आणि 7:05 ला फोन करायचा. पाण्यात असलेल्या माणसाला मागचं दिसत नाही. त्यांना दिसणार होतं.

बाकी सामान फारसं नव्हतं. जुने, रबरी तळाचे, पट्टीने घट्ट बसणारे बूट. चपला नकोत, त्या शेवाळावर घसरतात आणि कालवांच्या कडा पाय कापतात. एक टॉर्च. गोड्या पाण्याच्या दोन बाटल्या, एक प्यायला, एक जखम झाली तर धुवायला. जंतुनाशक मलम आणि पट्टी. लेकीला प्लॅस्टिकची बादली घ्यायची होती, तिला मी नाही म्हटलं. काहीही उचलायचं नाही, दगड उलटला तर होता तसा परत ठेवायचा, आणि शंख सुंदर दिसला तरी हात लावायचा नाही. आपल्या किनाऱ्यावर विषारी डंख मारणारे शंकूच्या आकाराचे गोगलगायीचे शंख असतात. वाळूत पाकट, म्हणजे शेपटीचा काटा मारणारा चपटा मासा, दडलेलं असू शकतं, म्हणून वाळूवरून पाय उचलून न टाकता सरकवत चालायचं. प्रवाळांना तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या रांगेत, ठेवलेलं आहे. हे कळल्यावर लेकीने बादली स्वतःच परत ठेवली.

सोमवार

5:25 ची लोकल, खार रोड, तिथून रिक्षा. सहाला दहा कमी असताना आम्ही कट्ट्यावर होतो. मागच्या रविवारी जिथे पाणी आपटत होतं तिथून पुढे, कितीतरी पुढे, काळा खडक पसरला होता. कट्ट्यावर बसून पंधरा वर्षं मी जो समुद्र पाहिला, त्याच्या तळाशी हे होतं. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अगं, हे तर शेत नांगरून ठेवल्यासारखं दिसतंय.”

वास येतो, हे लपवणार नाही. शहराचं सांडपाणी याच समुद्रात जातं. पहिल्या पन्नास पावलांत तिवरांच्या मुळांना प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंडाळलेल्या होत्या. लेकीने नाक दाबलं. पण त्याच चिखलात निवट्या उड्या मारत होत्या, डोक्यावर डोळे असलेले ते बोटभर मासे, पाण्याबाहेर पंखांवर रेटत चालणारे. आम्ही वाकलो आणि वास विसरलो.

पुढे खडकावर दोन कोळी बायका कालवं फोडत होत्या. आम्ही कुठे जातोय ते पाहून एकीने हाताने दाखवलं, तिकडून नको, इकडून. त्या एका खुणेने आमचा मार्ग बदलला. तिने टाळायला लावलेला खडक हिरवागार आणि काचेसारखा गुळगुळीत होता. आम्ही तिने दाखवलेल्या खरखरीत, कालवांनी भरलेल्या कडेने गेलो. वाट विचारायला लाजू नये. तिथे रोज येणाऱ्या माणसाइतकं कुठल्याही तक्त्याला माहीत नसतं.

मग अर्धा तास आम्ही एकाच डबक्यापाशी काढला. नवऱ्याला पुढे जायचं होतं, आणखी काय आहे ते बघायला. लेक हलेना. मला वाटतं तिचं बरोबर होतं. डबकं परातीएवढं. सुरुवातीला त्यात काही नाही असं वाटलं. नजर बसायला दोन मिनिटं लागली. कडेला हिरव्या बटणांची जाजमं अंथरल्यासारखं काही होतं, प्रत्येक बटणाला बारीक झालर. हे झोअँथिड, प्रवाळांचे नातलग. पाणी उतरलेल्या भागातली बटणं मिटून गोळा झालेली, पाण्यातली उघडलेली. वाळूचे कण आणि शिंपल्यांचे तुकडे अंगाला चिकटवून बसलेलं एक समुद्रफूल, पाण्याबाहेर असताना मातीच्या गोळ्यासारखं. एक शंख चालू लागला तेव्हा लेक किंचाळली. आत खेकडा होता. दुसरा तसाच शंखवाला खेकडा समोरून आला, दोघं एकमेकांचे शंख चाचपत राहिले आणि मग आपापल्या वाटेने गेले. लेक कुजबुजली, “आई, ते घर बघायला आले होते.”

थोडं पुढे, एका कपारीत करड्या-हिरव्या रंगाचं, हाताच्या पंजाएवढं दगडासारखं काही दिसलं, त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे खळगे. प्रवाळ. जिवंत. वांद्र्याच्या गाड्यांच्या आवाजात. सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी 2020 मध्ये वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरचे असेच प्रवाळ उचलून दुसरीकडे लावावे लागले होते. ती बातमी मी तेव्हा वाचून पान उलटलं होतं. त्या कपारीसमोर उकिडवं बसल्यावर ती बातमी मला पहिल्यांदा समजली.

याच दरम्यान नवरा घसरला. हात टेकला तो कालवांवर. तळवा कापला, खोल नाही पण लांब. गोड्या पाण्याने धुतला, मलम, पट्टी. सांडपाण्याचा समुद्र म्हणून त्याने त्याच दिवशी दुपारी धनुर्वाताची सुई घेतली. चूक अशी होती की तो एका हातात फोन धरून फोटो काढत चालला होता. तेव्हापासून नियम झाला. चालताना दोन्ही हात मोकळे, फोटो थांबून.

7:05 ला फोन वाजला. लेकीला नुकतीच पुढच्या खडकावर जायची घाई झाली होती. तिथे पाण्याखाली काहीतरी हललं होतं, तिच्या मते ऑक्टोपसचा हात. मधे फक्त एक घळ. पाणी जिथे होतं तिथेच दिसत होतं. मी खरं सांगते, मीही दोन मिनिटं देणार होते. फोनवर सासूबाई म्हणाल्या, “मागची घळ भरायला लागलीय. वळा.” आम्ही वळलो. लेक रडत चालत होती. येताना ज्या घळीत पाणी घोट्याशी होतं, तिथे आता तिच्या पोटरीच्या वर आलं होतं आणि लाट आत शिरली की गुडघ्याला लागत होतं. ओहोटी होऊन जेमतेम चाळीस मिनिटं झाली होती. तिने माझा हात धरला आणि रडणं थांबवून पाण्याकडे बघत पार झाली. त्या घळीत ती जे शिकली ते मी तिला सांगून शिकवू शकले नसते.

कट्ट्यावर चहा आणि वडापाव. आठला घरी, पावणेदहाला मी शाखेत. लोकल, रिक्षा, खाणं धरून अडीचशे रुपयांच्या आत. सोमवारची गर्दी नेहमीइतकीच होती. मला ती त्या दिवशी टोचली नाही.

त्यानंतर

मे महिन्याच्या अमावास्येला आम्ही पुन्हा गेलो, तोच खडक, तीच घळ, आता ओळखीची. पावसाळाभर जायचं नाही हे ठरलेलं. लाटांना भरवसा नसतो, खडक निसरडे होतात आणि जेलीफिशसारखे दिसणारे, डंख मारणारे निळे जीव किनाऱ्याला लागतात. सासूबाईंनी मात्र कालनिर्णयवर पुढच्या सगळ्या अमावास्या-पौर्णिमांना पेन्सिलीने ओहोटीच्या वेळा मांडून ठेवल्या आहेत. पाऊणकीने काढलेल्या, आणि शेजारी कंसात तक्त्यातल्या. दोन्हींत फरक किती, हे त्यांना बघायचं असतं.

एक गाठ अजून सुटलेली नाही. दिवाळीनंतर खोल ओहोटी संध्याकाळी सहाकडे सरकेल. पहाटेचीही असेल, पण उथळ, आणि ऑक्टोपसचा तो खडक तिच्यात उघडा पडेल असं वाटत नाही. संध्याकाळी सहाला नवरा कधीच सुटत नाही, मीही क्वचित. शिवाय सूर्य तेव्हाच मावळतो, म्हणजे परतीची वाट अंधारात, आणि ती आमची घालून घेतलेली मर्यादा ओलांडते. लेकीने एक तोडगा काढलाय. पौष अमावास्येला दोघांनी अर्धा दिवस रजा घ्यायची, साडेचारला उतरायचं आणि ओहोटी पूर्ण होण्याआधीच परत वळायचं. रजा न टाकण्याची अट मोडते, म्हणून मी अजून होकार दिलेला नाही. तिने ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवली आहे.